इथले नियम

त्या सिनेमाबरोबर आवाज येणार नव्हता. फक्त चित्र येणार होतं, काळंपांढरं, मध्येच निळसर झाक असलेलं, आणि चित्राबरोबर एक जाड वही. दिग्दर्शक कॅनडातला एक विक्षिप्त म्हातारा होता. जिथे सिनेमा दाखवायचा तिथल्याच माणसांनी पडद्याशेजारी, प्रेक्षकांना दिसेल असं उभं राहून, आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सगळे आवाज करायचे, ही त्याची अट होती. अंगात पांढरे कोट घालायचे, ही दुसरी अट. वहीभर त्याच्या सूचना होत्या. एका पानावर म्हटलं होतं की मेलेल्या बाईची खुर्ची करकरली पाहिजे, पण शरमल्यासारखी.

"शरमल्यासारखी म्हणजे कशी रे?" माझ्या बायकोने मला विचारलं होतं.

लीड्समध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये फिल्म क्लब चालतो. महिन्यातून एक सिनेमा, शनिवारी दुपारी, नंतर चहा. ती त्या क्लबात चार वर्षं होती. मी नव्हतो. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करतो. चार माणसांत बसून काही बघण्यापेक्षा घरी वाचत बसणं मला बरं वाटतं. पण त्या ऑक्टोबरात ती वही आमच्या जेवणाच्या टेबलावर होती आणि तिच्या सरावाला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. लॅपटॉपवर मुकं चित्र चालायचं, मी वहीतून खुणा वाचायचो आणि ती आवाज करायची.

सिनेमा एका तळ्याकाठच्या गावाचा होता. तिथली जमीन हिवाळ्यात इतकी गोठते की कुदळ लागत नाही. म्हणून हिवाळ्यात जो मरेल त्याला वसंत येईपर्यंत घरीच ठेवायचं. लोक आपल्या मेलेल्या माणसांना खुर्चीत बसवतात, त्यांचं ताट मांडतात, त्यांच्याशी जुनी भांडणं पुढे चालू ठेवतात. त्यातल्या एका घरातली आई पहिल्या बर्फात मरते. तिचा नवरा तिच्यावर चिडलेलाच राहतो. धाकटी मुलगी तिला सूप पाजते. आणि घरजावई तिला घाबरतो; येता-जाता तिची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवतो.

मेलेल्या आईचे सगळे आवाज माझ्या बायकोकडे होते. खुर्चीसाठी ती वेताची जुनी टोपली पिळायची. सुपासाठी वाटी आणि चमचा. केस विंचरण्यासाठी काथ्याच्या जुडीवरून लाकडी फणी ओढायची. तळ्यावरचं बर्फ तडकण्यासाठी वहीत सेलरी या भाजीची दांडी मोडायला सांगितली होती, पण तिने भाजलेला उडदाचा पापड माइकसमोर मोडून दाखवला आणि क्लबने टाळ्या वाजवल्या. त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी मोडलेले पापड खाल्ले.

"मेलेल्या बाईला किती काम असतं बघ," ती म्हणायची. "बाकीचे नुसते पाय वाजवतायत."

सिनेमाच्या अठरा दिवस आधी, एका मंगळवारी सकाळी, ती बसस्टॉपवर कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ती गेली. आम्हाला मूलबाळ नाही.

अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी इथे कॉरोनर नावाचा अधिकारी करतो. मग पोस्टमॉर्टेम, मग कागद, मग क्रिमेटोरियमची तारीख. तारीख तीन आठवड्यांनंतरच्या बुधवारची मिळाली. ती गेली त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी फ्युनरल डायरेक्टरच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याच्या, ऑफिसात एका फॉर्मसमोर बसलो होतो. कपडे घरून आणणार की आमचा गाऊन चालेल? मी गाऊनवर खूण केली. कुटुंबातलं कुणी पाहायला येणार आहे का? मी 'नाही'वर खूण केली.

हॉस्पिटलमध्ये शेवटी मी तिचा चेहरा पाहिला होता. गालावर चिकटपट्टीच्या खुणा होत्या आणि तोंड अर्धवट उघडं होतं. पुन्हा पाहिला तर आधीचा चेहरा माझ्याकडून जाईल, अशी भीती मला बसली होती. ती खूण मी माझ्यापुरती केली, तिच्या आईचा विचारच मनात आला नाही, असं मला लिहिता आलं असतं. पण आला होता. सासूबाई रविवारी पोचणार होत्या, त्यांचं तिकीट मीच काढलं होतं.

सासूबाई नागपूरच्या. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. सासरे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर दोन उन्हाळ्यांनी त्या आमच्याकडे यायच्या, त्यामुळे व्हिसा तयार होता. मँचेस्टर विमानतळावरून आम्ही गाडीने घरी निघालो. अर्ध्या तासाने त्या समोर बघतच म्हणाल्या, "मला तिच्याकडे कधी नेताय?"

"आई, इथे तसं नसतं," मी म्हणालो. "पोस्टमॉर्टेम झालंय ना. नंतर बघू देत नाहीत. इथले नियम आहेत."

हे वाक्य आम्ही इथली मराठी माणसं घरी आलेल्या आईवडिलांना दिवसातून चारदा ऐकवतो. कपडे पुढच्या बाजूला वाळत घालू नका, इथला नियम आहे. फोन न करता शेजाऱ्यांकडे जाऊ नका. हिरव्या डब्यात तो कचरा नको. त्यातले काही नियम असतात, काही आमचा संकोच असतो, आणि आईवडील दोन्ही निमूटपणे पाळतात. सासूबाई तर शिस्तीच्या. त्यांनी एकदा मान हलवली.

"नियम असेल तर इलाज नाही," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "दुरूनसुद्धा नाही?"

"नाही."

त्यानंतर आम्ही दोघं त्या घरात राहिलो. त्या सकाळी लवकर उठून आंघोळ करून देवापुढे न जाता स्वयंपाकघरात बसायच्या. सुतक कधीपासून धरायचं, गेल्या दिवसापासून की अग्नी दिल्यापासून, हे त्यांनी नागपूरला फोन करून दोघा-तिघांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. दहावा आला, तेरावा आला आणि गेला, आणि ती अजून इथेच, आमच्यापासून चार मैलांवर, एका थंड खोलीत होती. तेराव्याला त्यांनी दूधभात केला, आणि पान कुणासाठी वाढायचं हे न कळून दोघांच्याच पानात वाढला.

पुढच्या गुरुवारी फ्युनरल डायरेक्टरच्या ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला. सासूबाई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. मी फोन घेऊन मागच्या दारात गेलो.

बाई म्हणाल्या, फक्त खात्री करतेय. कुणी येणार नाही असं लिहिलंय. सोमवारी दुपारी बारा वाजता आम्ही शवपेटी बंद करू. घरच्यांचं मन बदललं तर त्याआधी सांगा, नंतर पुन्हा उघडता येत नाही.

"ठीक आहे," मी हळू आवाजात म्हणालो. "थँक यू."

आत आलो तेव्हा सासूबाईंनी पेपर खाली केला होता. "कुणाचा होता?"

"ऑफिसचा."

"इतकं हळू बोलता ऑफिसशी?"

मी चहा टाकला. सोमवार दुपार मनात एखाद्या परीक्षेच्या तारखेसारखी बसली. ती टळली की मी सुटलो, असं मला वाटत होतं. दुसऱ्या बाजूने हेही कळत होतं की ती टळली की मी कधीच सुटणार नाही.

शुक्रवारी क्लबच्या बाई आल्या. त्या निवृत्त नर्स, माझ्या बायकोच्या चांगल्या मैत्रीण, क्लब त्याच चालवायच्या. त्या तिच्या आवाजांच्या सामानाचा डबा न्यायला आल्या होत्या. उद्याचा सिनेमा तिच्या नावाने करणार होते. दारातच त्या मला म्हणाल्या, डबा असून उपयोग नाही, तिच्या खुणा कुणालाच येत नाहीत. सराव तू घ्यायचास ना? तू येशील का?

मी नाही म्हणणार होतो. मागून सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. कसला सिनेमा, कसले आवाज, माझी मुलगी काय करणार होती. नर्सबाईंनी हौसेने सांगितलं, पण गोष्ट सांगायच्या आधीच मी त्यांच्या हातात डबा दिला.

त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी येते उद्या."

"आई, सुतक आहे."

"सुतकाचा हिशोब कुणाला लागलाय इथे? ती करणार होती ना? मग मी बघणार."

"तो सिनेमा जरा विचित्र आहे. तुम्हाला नाही आवडणार."

"गोष्ट काय आहे?"

"थंडीतल्या एका गावाची. खास काही नाही." मला आणखी काही सुचेना. "आणि तिकीट आधी काढावं लागतं. इथे नियम असा आहे की..."

"ती बाई आत्ता म्हणाली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला मी तिथे नको असेन तर तसं सांगा. नियम कशाला सांगता?"

मी वही पिशवीत भरली. त्यांनी तेवढ्यापुरता विषय सोडून दिला.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. हीटर नुसताच आवाज करत होता, म्हणून सगळे कोट घालूनच बसले होते. सासूबाई दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या साडीवर माझ्या बायकोचा जाड कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन. मला नर्सबाईंनी पांढरा कोट चढवला. तो माझ्या बायकोच्या मापाचा होता, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. आम्ही पाचजण पडद्याच्या डाव्या बाजूला एका लांब टेबलामागे उभे होतो, प्रत्येकासमोर माइक आणि आपापलं सामान. माझी टोपली, वाटी, काथ्या, फणी. पापड नर्सबाईंनी भाजले होते. कडेने थोडे करपले होते.

दिवे गेले. पडद्यावर गोठलेलं तळं आलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी कॉर्नफ्लावरने भरलेल्या पिशव्या हातांनी दाबल्या आणि हॉलभर बर्फात चालल्याचा आवाज झाला. एवढ्या साध्या गोष्टीने माणसं हसली. मग आई मेली. तिला खुर्चीत बसवलं, डोक्यावर लोकरीची टोपी घातली. मी टोपली पिळली. खुर्ची करकरली. ती शरमल्यासारखी करकरली की नाही ते मला माहीत नाही.

माझी नजर पडद्यावर, वहीवर आणि दुसऱ्या रांगेवर अशी फिरत होती. पडद्याच्या उजेडात सासूबाईंचा चेहरा निळसर दिसत होता. मेलेल्या बाईसमोर पहिलं ताट मांडलं गेलं तेव्हा त्यांनी पर्स घट्ट धरली. आता उठतील, मला वाटलं. मी दाराकडे पाहिलं. त्या उठल्या तर मला टेबल सोडून त्यांच्यामागे जावं लागणार होतं.

त्या उठल्या नाहीत. नवरा मेलेल्या बायकोला म्हणतो (हे पडद्यावर अक्षरांत येत होतं) की गेल्या वर्षी तूच माझं चांगलं घड्याळ हरवलंस आणि आता गप्प बसून सुटशील असं समजू नकोस. सासूबाईंच्या तोंडून एक लहानसा आवाज आला. मग जावई आला. चोरासारखा, सासूकडे न बघता, त्याने तिची खुर्ची भिंतीकडे वळवली. मी टोपली पिळली. सकाळी खुर्ची पुन्हा टेबलाकडे तोंड करून. जावयाची दातखीळ बसली. पुन्हा वळवली, पुन्हा सकाळी सरळ. तिसऱ्या वेळेला त्याने सासूच्या डोक्यावर बटाट्याची पिशवी घातली आणि वर तिची टोपी नीट बसवली.

सासूबाई हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. विमानतळावर उतरल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं आणि तेही हसले. सगळा हॉल त्या जावयाला हसत होता, आणि मी, आखूड बाह्यांच्या पांढऱ्या कोटात, त्याच्या खुर्चीचा आवाज करत होतो.

त्यानंतर खिडकीतला प्रसंग होता. रात्रीतून खुर्ची सरळ करणारी धाकटी मुलगी आहे हे तिथे कळतं. ती आईच्या डोक्यावरची पिशवी काढते, टोपी काढते आणि केस विंचरायला घेते. वहीत लिहिलं होतं: फणी चाळीस वेळा, सावकाश, घाई केलीत तर सिनेमा परत पाठवा. मी फणी हातात घेतली, काथ्या माइकजवळ धरला, आणि खूण यायच्या आत एकदा दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

सासूबाईंचा उजवा हात मांडीवरून थोडा वर उचलला गेला होता आणि हलत होता. वरून खाली, वरून खाली, आणि दर वेळी खाली आल्यावर जरासा थांबून, जणू गुंता लागलाय. त्यांना स्वतःला ते माहीत नसावं.

मला फणी ओढता आली नाही. पडद्यावर मुलगी विंचरत होती आणि हॉलमध्ये आवाज नव्हता. नर्सबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मग पुन्हा केलं. हीटरसुद्धा नेमका तेव्हा बंद झाला. चाळीस फण्या मी तशाच जाऊ दिल्या.

पुढचं मी यंत्रासारखं केलं. वसंत येतो, सरकारी माणूस रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो, आणि गावातलं एकही घर कबूल करत नाही की आमच्याकडे कुणी मेलेलं आहे. प्रत्येक घरी म्हणतात, छे, ती जरा झोपलीय. लोक पोट धरून हसले. दिवे लागल्यावर एका गृहस्थाने मला सांगितलं की विंचरतानाची ती शांतता फार उत्तम होती, दिग्दर्शकाचं धाडस आहे.

चहाच्या टेबलापाशी मला सासूबाईंपर्यंत पोचायला उशीर झाला. नर्सबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या हातांत कप. मी पोचलो तेव्हा नर्सबाई सांगत होत्या, "माझ्या आईचे केस मी विंचरले होते, फ्युनरलच्या आधी. दोन दुपारी जाऊन बसले. त्या लोकांनी एक शांत खोली दिली होती, खुर्ची दिली. फार चांगलं वागले. तुम्ही तिचे विंचरलेत?"

"इथे परवानगी नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

नर्सबाईंनी वर माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा पाहून त्यांचा चेहरा बदलला. "पोस्टमॉर्टेम झालेलं असलं तरी देतात," त्या हळूच म्हणाल्या. "केस झाकून वगैरे. पण... कदाचित तुमच्याकडे..."

सासूबाईंनी कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही इतक्या नेमकेपणाने. मग शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करत म्हणाल्या, "काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. चहाबद्दल आभारी आहे." आणि उठून कोटाची बटणं लावू लागल्या. चारचौघांत त्यांनी मला वाचवलं.

गाडीत मी किल्ली लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "सुरू करू नका."

मी हात खाली घेतला. काचेवर बारीक पाऊस पडत होता.

"नियम कुणाचा होता?"

"माझा," मी म्हणालो.

"हं."

"फॉर्मवर मी 'नाही' असं लिहून आलो. मला वाटलं, तुम्हाला सोसणार नाही."

"मला विचारलंत?"

"नाही."

"मग मला सोसणार नाही म्हणू नका. काय ते नीट सांगा."

"मला सोसणार नाही," मी म्हणालो. "सोमवारी बारा वाजता पेटी बंद करणार आहेत. त्याआधी सांगितलं तर बघता येईल. त्या गुरुवारच्या फोनवर हेच सांगत होते."

हॉलमधून माणसं बाहेर पडत होती, छत्र्या उघडत होती. कुणीतरी आमच्याकडे बघून हात हलवला.

"नागपुरात हे झालं असतं ना," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मला तिला हात लावू दिला नसता. सवाष्ण गेलीय ती. तिला हिरवी साडी, कुंकू, ओटी, सगळं सवाष्णींनी करायचं. मी विधवा. माझ्या जावेने मला हाताला धरून दारात उभं केलं असतं. प्रेमानेच केलं असतं, वाईट बाई नाही ती. माझ्या लेकीच्या मंगळागौरीलाही मी अशीच दारात उभी होते." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि बंद केली. "विमानात बसताना मला एकाच गोष्टीचं बरं वाटत होतं. इथे कुणी जाऊ नाही, नणंद नाही. इथे मला अडवणारं कुणी नाही. आणि अडवलं कुणी, तर तुम्ही."

मी माफ करा म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "चला आता," आणि तेवढंच.

रविवारी ऑफिस बंद होतं. मी तरीही तीनदा फोन करून यंत्रावर निरोप ठेवला. सासूबाईंनी बॅगेच्या तळातून नवी हिरवी साडी काढली. ती त्यांनी नागपूरहूनच आणली होती. मी गाडीत नियम सांगितल्यावर ती तशीच तळाशी राहिली होती. ती त्यांनी इस्त्री केली, घडी घातली, मोडली, पुन्हा केली. दुपारी दाराशी येऊन एवढंच म्हणाल्या, "नारळ लागेल." मी जाऊन नारळ आणला, तांदूळ घरात होते.

सोमवारी नऊला फोन केला तर यंत्र. सव्वानऊला यंत्र. साडेनऊला लाइन बिझी. सासूबाई टेबलाशी घड्याळाकडे तोंड करून बसल्या होत्या. दहा वाजता मी गाडीची किल्ली उचलली, आणि तेवढ्यात त्याच बाईंचा फोन आला. निरोप मिळाला होता. पेटी बंद केलेली नव्हती. उद्या अकराला या, त्या म्हणाल्या, साडी घेऊन या, आम्हाला नेसवता येत नाही पण आम्ही मदत करू. मग त्यांनी विचारलं, पेटीत काही ठेवायचं आहे का? मी सांगितलं, तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या. त्यावर त्या चाचरल्या.

मी फोनवर हात ठेवला. "आई, अख्खा नारळ चालणार नाही म्हणतात. आणि काचेच्या बांगड्या. इथला..."

पुढचा शब्द माझ्या तोंडातच राहिला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हीच विचारा," मी म्हणालो आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी घेतला. पाच मिनिटं बोलल्या. किती तापमान असतं, नारळ का फुटतो, काच कुठे जाऊन चिकटते, खोबऱ्याची वाटी चालेल का, हळकुंड चालेल का. कागद मागून घेऊन त्यांनी लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"खरंच नियम आहे," त्या म्हणाल्या. "फुटतो म्हणे. वाटी चालेल. नारळ फोडून द्या."

मी नारळ फोडला. तो वेडावाकडा फुटला. त्यांनी त्यातली बरी वाटी निवडून घेतली.

मंगळवारी अकराला ऑफिसातल्या त्या बाईंनी आम्हाला एका लहान खोलीच्या दाराशी नेलं. तरुण होत्या, काळा सूट, नम्र आवाज. केसांच्या रेषेशी टाके आहेत, त्या म्हणाल्या, म्हणून तिथे पांढरा कपडा बांधलाय, काढू नका. सासूबाईंनी मान हलवली, चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेल्या. मी बाहेरच्या खुर्चीत बसलो. आपण बाहेर थांबायचं, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. त्यांनीही मला या म्हटलं नव्हतं.

दार पुरतं लागलं नव्हतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज आला, रडण्याचा नव्हे, नेहमीचा, जरा चिडका. "किती गार पडलीयस." मग बराच वेळ त्या काहीतरी पुटपुटत होत्या, ते मला कळलं नाही आणि कळायला नको होतं. मग त्या काळ्या सूटमधल्या बाईंना इंग्रजीत सांगू लागल्या की इथून धरा, नाही, असं नाही, उचला, आता माझ्याकडे द्या. कापडाची सळसळ झाली. कुणीतरी दमून श्वास सोडला. पुन्हा सळसळ.

"अहो," सासूबाईंनी हाक मारली.

मी उठलो नाही.

"अहो, ऐकू येतंय ना? आत या. या बाईंना निऱ्या कळत नाहीत, आणि मला एका हाताने जमत नाहीये."

मी चपला काढल्या. आत पिवळसर दिव्याचा उजेड होता आणि मी पायांकडून वर बघत गेलो; हिरवा काठ, मग त्यांचे दोन हात, मग तिचे. चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. गालावरच्या त्या खुणा आता नव्हत्या. तोंड मिटलेलं होतं. कपाळावरच्या पांढऱ्या कपड्याखाली सासूबाईंनी कुंकू लावलं होतं, थोडं डावीकडे गेलेलं. ती माझ्या ओळखीची होती.

"हं, हे धरा," सासूबाई म्हणाल्या आणि निऱ्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मी धरला. त्यांनी कमरेखालून साडी सरळ केली, एक बाजू खोचली, आणि माझ्या मुठीकडे बघून थांबल्या.

"इतकं घट्ट नको. चुरगळतील."